आजचा मासा, आजचा भाव दारातल्या फळ्यावर लिहा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांची रीघ लागते, आणि सुट्टी संपली की ‘कोकणात धड जेवण मिळत नाही’ आणि ‘कोकणासारखे जेवण कुठेच मिळत नाही’ ही दोन्ही मते सारख्याच ठामपणे ऐकू येतात. कधी कधी तर एकाच आठवड्यात, एकाच हॉटेलाबद्दल. हा सगळा आवडीनिवडीचा भाग आहे असे म्हणून तो सोडून देता येईल, पण मला ते पटत नाही. मी मालवण तालुक्यात राहतो, आमच्याकडे बाहेरगावच्या पाहुण्यांचा राबता असतो आणि त्यांच्या निमित्ताने वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंतच्या लहानमोठ्या खानावळींत जेवण्याचे प्रसंग येतात. त्यावरून माझे मत असे झाले आहे की जेवण साधे आहे म्हणून गिऱ्हाईक क्वचितच नाराज होते. मासा कोणता, कधीचा, कितीला आणि किती वेळात, हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते आणि ते त्याला ताट पुढे आल्यावर किंवा बिल हातात पडल्यावर कळते, तिथे खरी नाराजी सुरू होते. हे सगळे बसल्याबसल्या कळले तर पत्र्याच्या छपराखालचे बाकडे आणि स्टीलचे ताट यांबद्दल कोणाची तक्रार नसते.

दराचेच पाहा. मेनूकार्डावर पनीर, मशरूम आणि दाल फ्राय यांच्यापुढे रुपयांचा स्पष्ट आकडा असतो; सुरमई, पापलेट, कोळंबी आणि कुर्ल्या (खेकडे) यांच्यापुढे मात्र ‘एपीएस’ ही अक्षरे असतात. आकारमानानुसार दर, असा त्यांचा अर्थ. यामागचे कारण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. बंदरावरचा भाव रोज बदलतो. वारा सुटला, होड्या कमी गेल्या किंवा समोर जोडून सुट्टी आली की सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, आणि हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी चालणारा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण भाव बदलतो म्हणून तो सांगूच नये, हे कुठले शास्त्र? बाजारात टोपली घेऊन बसलेली मासेवाली समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्या घटकेचा भाव सांगतेच, आणि घासाघीस झाली तरी पिशवीत मासे पडण्यापूर्वी सौदा ठरलेला असतो. हॉटेलमालकाने सकाळी काय भावाने माल उचलला हे त्याला पाठ असते. त्यावरून तुकडीचा किंवा नगाचा दर काढून तो दारातल्या फळ्यावर खडूने लिहायला फारसा वेळ लागत नाही. बायकामुलांसह किंवा सासुरवाडीच्या मंडळींसह बसलेला माणूस चारचौघांत ‘केवढ्याला’ असे विचारायला संकोचतो. त्याच्या या संकोचावर काही जणांचा धंदा चालतो, हे कटू असले तरी खरे आहे. आमच्याबरोबर आलेल्या एका वयस्कर पाहुण्यांनी एका ठिकाणी भरलेले पापलेट आवडीने खाल्ले, तोंड भरून कौतुक केले, आणि बिल आल्यावर ते जे गप्प झाले ते परतीच्या वाटेवरही फारसे बोलले नाहीत. दर आधी सांगितला असता तर त्यांनी कदाचित बांगडा मागवला असता आणि आनंदाने खाल्ला असता.

ताजेपणाबाबत तर आधी सांगण्याचे महत्त्व आणखीच वाढते, कारण तिथे प्रश्न चवीबरोबर प्रकृतीचाही आहे. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे पकडल्यावर बर्फाविना राहिले तर त्यांच्यात जिवाणूंमुळे हिस्टॅमिन तयार होते, आणि ते एकदा तयार झाले की तळून, उकळून किंवा गोठवूनही जात नाही. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते, डोके दुखते, आणि दोष बिचाऱ्या मालवणी मसाल्यावर जातो. चिंच-कोकमाच्या आंबटाने माशाचा वास दबतो, त्यामुळे तिखट कालवणावरून शिळा मासा ओळखणे अवघड असते. तळलेल्या तुकडीत तो लवकर उघडा पडतो. म्हणूनच ज्या खानावळीत मालक आतून परात आणून मासा दाखवतो, कल्ला उघडून लाल रंग दाखवतो, तिथे मी निर्धास्तपणे कालवण मागवतो. असे करणारी घरे आपल्याकडे आजही आहेत आणि त्यांच्याकडे जागा मिळण्यासाठी लोक ताटकळत उभे राहतात.

पावसाळ्यात या खरेपणाचा खरा कस लागतो. जून आणि जुलै महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण अनेक माशांचा तो विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. तरीही त्या दिवसांत महामार्गावर ‘ताजी सुरमई थाळी’ असे फलक दिमाखात उभे असतात. ती सुरमई बहुधा शीतगृहातली असते किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली असते, जिथली बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्यामुळे आधी संपते. बर्फातला मासा वाढणे हा गुन्हा नाही. तो ताजा म्हणून वाढणे हा आहे. खरे तर आपल्याकडचे पावसाळी जेवण किती निराळे असते! सोडे घातलेली वांगी, सुक्या बांगड्याची किसमूर, सुकटीची चटणी, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात, आणि नशीब असेल तर खाडीतल्या कुर्ल्या. जुलैमध्ये मुंबई-पुण्याहून येणाऱ्या माणसाला हे ताट ‘पावसाळी थाळी’ म्हणून अभिमानाने पुढे केले तर तो ते नाकारील असे मला वाटत नाही. पण आपल्यालाच सुके मासे पाहुण्यांसमोर ठेवायची लाज वाटते.

माशाची जात सांगतानाही असाच हात आखडता घेतला जातो. कुप्याची तुकडी सुरमई म्हणून आणि आयात केलेला, काट्यांशिवायचा बासा रावस म्हणून वाढला गेल्याचे मी काही ठिकाणी स्वतः चाखले आहे. दुसरीकडे, थाळीचा दर कमी दिसावा म्हणून तळहाताएवढेही नसलेले पापलेट वाढण्याची पद्धत रूढ होत आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. तो नियम बंदरावर पाळला जावा यासाठी हॉटेलांनी पिल्ले विकत घेणे थांबवले तर बराच फरक पडेल. तारली, सौंदाळे, मुडदुशे हे मासे स्वस्त आहेत आणि चवीला कमी नाहीत, मात्र मेनूकार्डावर त्यांची नावे शोधूनही सापडत नाहीत.

आता चवीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. अलिबाग-मुरूडकडचे आगरी-कोळी पद्धतीचे कालवण, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मुसलमान घरांतले जेवण आणि सिंधुदुर्गातील भाजलेल्या वाटपाचे जेवण या तीन निरनिराळ्या पद्धती आहेत. प्रत्येकीचा मसाला वेगळा, आंबट वेगळे. आज मात्र किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाटी ‘अस्सल मालवणी’चीच असते आणि आत एकच तांबडी ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात तयार ठेवून तिच्यात गरजेप्रमाणे कोळंबी, बांगडा किंवा कोंबडी सोडली जाते. बांगड्याच्या कालवणात तिरफळ हवे आणि कोळंबीत ते नको, एवढा भेद ज्या स्वयंपाकघरात राहिलेला नाही, तिथे गिऱ्हाइकाने काहीही मागवले तरी तो एकच पदार्थ खातो. शंभर-दीडशे पदार्थांचे मेनूकार्ड हे माझ्या दृष्टीने त्या स्वयंपाकघराने दिलेली कबुलीच असते, कारण दहा-बारा टेबलांच्या हॉटेलात एवढे पदार्थ रोज ताजे होऊच शकत नाहीत. सोलकढीचीही तीच गत आहे. नारळाचा दाट रस, आगळ (कोकमाचा अर्क), लसूण आणि मिरची एवढ्यावर होणारी ही कढी उन्हात फार टिकत नाही, म्हणून ती थोडी थोडी करावी लागते; तो त्रास वाचवण्यासाठी नारळाची पावडर आणि रंग वापरला की पेल्यात भडक गुलाबी पाणी येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्याच कोकमाच्या प्रदेशात आपण पाहुण्यांना रंग पाजतो.

शाकाहारी माणसाचे हाल मी वेगळे काय सांगावेत? सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तरीही मासे न खाणाऱ्या पाहुण्याला इथे आजही पनीरच मिळते. फाल्गुन-चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ, कच्च्या फणसाची भाजी, एरवी डाळिंब्यांची उसळ, अळूचे फदफदे, घावणे आणि नारळाचा रस हे सगळे आपल्या घराघरांत होते. गुहागर, दापोली, मुरूड या भागांतील घरगुती खानावळींनी ही वाट नीट जपली आहे. सकाळी फोन करून किती माणसे येणार हे कळवा, अशी त्यांची अट असते आणि ती काहींना जाचक वाटते. पण त्यामुळेच पानावर मोदक वाफाळता येतो, अन्न वाया जात नाही आणि घरातल्या बाईची धावपळही होत नाही.

वाट पाहण्याबद्दल एवढेच म्हणेन की ताजा मासा मागणीनंतर तळायचा तर वेळ लागणारच, आणि घाईने कोमट तेलात सोडलेल्या तुकडीचा रवा तेल पिऊन बसतो हे घरी स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. ‘अर्धा तास लागेल’ असे सांगणाऱ्यावर कोणी रागावत नाही. ‘आलेच, आलेच’ म्हणणाऱ्यावर रागावतात. तो अर्धा तास भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज टिपेला नेऊन भरून काढू नये, ही एक विनंती. गोंगाटात खारट आणि गोड चव कमी जाणवते असे प्रयोगांतही दिसून आले आहे, त्यामुळे त्यात नुकसान स्वयंपाक्याचेच आहे.

बिलाच्या बाबतीत कायदा बराच स्पष्ट आहे. ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क परस्पर बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या आहेत. लहान खानावळी सहसा ते लावत नाहीत, किनाऱ्यावरच्या काही रिसॉर्टांत मात्र ते दिसते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करपद्धतीत, असलेल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, हेही अनेकांना माहीत नसते. अशा तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

एवढे लिहिल्यावर गिऱ्हाइकांच्या वागण्याकडे डोळेझाक करणे अन्यायाचे ठरेल. दुपारी तीन वाजता चाळीस माणसांची बस न कळवता दारात उभी करायची आणि दहा मिनिटांत ताटे मागायची; सुरमई आणि पापलेट यांखेरीज तिसरे नाव ऐकून घ्यायचे नाही; पावसाने वीज गेली म्हणून मोबाइलवर एक तारा देऊन मोकळे व्हायचे, हे प्रकार सर्रास चालतात. वाढणाऱ्या मुलाला ‘ए’ म्हणून हाक मारणारी मंडळी त्याच्याकडून अगत्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करतात, हे मला आजवर समजलेले नाही. हंगामापुरता बाहेरगावाहून आलेला तो मुलगा मोरी आणि मुडदुशी यांतला फरक सांगू शकत नसेल तर तो दोष त्याचा नसून त्याला शिकवण्याची तसदी न घेणाऱ्या मालकाचा आहे.

तालुक्यातालुक्यांतील हॉटेल व्यावसायिकांनी दारातल्या फळ्यावर रोज माशाचे नाव, तो ताजा की बर्फातला आणि त्याचा दर एवढे तीन रकाने लिहिण्याचे ठरवावे. आपल्या दैनिकालाही एक सूचना कराविशी वाटते. हंगामात आपण हापूसच्या पेटीचे भाव आवर्जून छापता. तसेच मिरकरवाडा, हर्णै, देवगड आणि मालवण या बंदरांवरील प्रमुख मासळीचे भाव सुट्टीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, शक्यतो शुक्रवारी, छापता आले तर गिऱ्हाइकाला अंदाज येईल आणि वाजवी दर लावणाऱ्या मालकालाही आपला दर पटवून देणे सोपे जाईल. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी याचा विचार व्हावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
मालवण, जि. सिंधुदुर्ग