सुमेला, बोटीवरून आल्यावर

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुमे,

फोनवर हे बोलायला गेलं की तुझ्या कुकरची शिट्टी होते नाहीतर माझ्या दारात कोणीतरी उभं राहतं, म्हणून लिहायलाच बसले. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची साखर आटोक्यात. झालं तब्येतीचं.

थोरल्याने सिंगापूरहून आम्हाला बोटीची सफर करवली. फोटो तू बघितलेसच. सिंगापूर, मग पिनांग, मग फुकेत आणि परत सिंगापूर. हट्टाने बाल्कनीची खोली काढली पोराने. रात्री सगळी बोट चवाट गल्लीच्या गणपतीसारखी उजळलेली आणि चारी बाजूंना काळोख. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी इतकं शांत की ग्लासातला सोलकढीचा थेंब हलायचा नाही. (सोलकढी मी बरोबर नेली होती, हस खुशाल.) पणजी–बेती फेरीबोटीत पाच मिनिटांत ओकणाऱ्या तुलासुद्धा इथं काही झालं नसतं. आणि कुंदा तूच संपवला होतास त्या दिवशी, अजूनही मी तेच म्हणणार.

पण मी सफर बघितली कुठे गे? निघायच्या आदल्याच आठवड्यात धाकटीने, सोनूने, सांगितलं होतं की तिला बोटीवर नोकरी करायची आहे. हॉटेल मॅनेजमेंट झालं, गोव्यात हॉटेलात काम केलं, आता मुंबईला मुलाखत. ते डोक्यात घेऊन मी बोटीवर चढले आणि सगळा वेळ काम करणारी माणसंच बघत राहिले.

पहिल्याच संध्याकाळी कवायत असते. धोक्याचा भोंगा ऐकवतात, सात आखूड आणि एक लांब, आणि कोणी कुठे जमायचं ते दाखवतात. आमच्या जागेवर एक फिलिपिनो मुलगी उभी होती, आमच्या सोनूच्याच वयाची. लोक गप्पा मारत होते, सेल्फी काढत होते. ती प्रत्येकाचं कार्ड तपासून परत परत हसत होती. मला तिच्याकडे बघवेना. तिची आई कुठल्या गावात काय करत असेल हेच मनात.

जेवणाच्या हॉलमध्ये आम्हाला वाढणारा पोरगा निघाला नंदगडचा! ह्यांना मी ‘मीठ कमी आहे की’ म्हटलं आणि तो ट्रे घेऊन थबकलाच. “बेळगावचे काय तुम्ही?” मग काय, रोज आमच्या टेबलावर लोणचं न मागता यायला लागलं. नऊ महिन्यांचा करार. सुट्टीचा वार नाही, मधे काही तास मोकळे मिळतात तेवढेच. झोपायचं खाली, पाण्याच्या पातळीशी, खिडकी नसलेल्या खोलीत दोघं, वरखाली. हातात दोन घड्याळं, एक बोटीचं, एक घरचं. मनगटाच्या आत कॉफीच्या वाफेने भाजल्याचा जुना डाग. त्याने तो बाहीखाली सरकवला, पण मी बघितला होता.

पिनांगला बोट थेट जॉर्जटाऊनच्या धक्क्याला लागते. 2008 पासून ते गाव जागतिक वारसा आहे. पाण्यात लाकडी खांब रोवून बांधलेली चिनी लोकांची घरं बघितली, क्वीन स्ट्रीटवरचं 1833 चं मारिअम्मनचं देऊळ बघितलं, ओटी भरली. हे म्हणाले, ही सगळी पोटासाठी समुद्र ओलांडून आलेल्यांचीच वस्ती. परत येताना धक्क्याच्या पायऱ्यांवर तोच नंदगडचा पोरगा बसलेला. दोन तास मिळाले होते. गाव बघायला गेला नव्हता. फोन उंच धरून तान्ह्या लेकीला बोट दाखवत होता, “हे बघ पप्पाचं घर.” आम्हाला बघून उठून उभा राहिला. मी खाली बस म्हटलं तरी बसेना.

फुकेतला बोट लांब नांगरतात आणि छोट्या होड्यांतून पातोंगच्या किनाऱ्यावर सोडतात. हे जाऊन आले. मी बाल्कनीत बसून राहिले.

तेव्हा मला तू आठवलीस. आरपीडी कॉलेजच्या कट्ट्यावर आपलं भांडण झालं होतं बघ, मी तुझ्या बोटीवरच्या दादाबद्दल काहीतरी विचारलं आणि तू फाडकन म्हणालीस, “तुला काय कळणार, तुझं कोण गेलंय समुद्रावर?” किती दिवस मी बोलले नव्हते तुझ्याशी. आता ते वाक्य माझ्या घरात येऊन बसलंय.

काका गेले तेव्हा दादाची बोट भर समुद्रात होती. अग्नी तू दिलास. मी तुझ्या मागे उभी होते, तुझा हात थरथरत होता आणि गल्लीतली माणसं कुजबुजत होती. तेराव्यालाही तो पोचला नाही. आणि 2020 च्या फेब्रुवारीत योकोहामाला ती डायमंड प्रिन्सेस अडकली, 3,711 माणसं आत, प्रवासी खोल्यांत बंद आणि कामगार त्यांना दारोदार जेवण पोचवत होते, त्यात शंभरावर आपले भारतीय, तेव्हा रात्री तू फोन केलास. “दादा आता घरी आहे,” एवढंच म्हणालीस आणि रडलीस.

पण दुसरी बाजूही मला दिसते. त्याच पगारावर तुमचं घर उभं राहिलं, आक्काचं ऑपरेशन झालं, तुझं लग्न झालं. आणि सोनूने मला काय विचारलं माहीत आहे? “दादा सिंगापूरला गेला तेव्हा तू पेढे वाटलेस. मी जाते म्हटल्यावर रडतेस. त्याने वरच्या मजल्याचं तिकीट काढलेलं चालतं, मी खालच्या मजल्यावर कमावलेलं चालत नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ती मुलगी आहे म्हणून भीती जास्त वाटते, हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, भीती वाटू दे, पण नियम वाच.

मग ह्यांनी वाचले. खलाशांच्या कामाबद्दल 2006 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने 2015 मध्ये मान्य केलेला. 24 तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात 77 तास. नोकरी लावायला एजंटने खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. एजंट डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचा, परवानेवाला हवा, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक हवं, सुरक्षेचे कोर्स हवेत. बेळगावातल्याच एकाने आधी पैसे मागितले होते, त्याला ह्यांनी दारातूनच परत पाठवला. कागद सगळे नीट जमतील गे. पण ती दूर कुठेतरी असताना इथं काही झालं तर? किंवा तिथं तिला? त्याचा नियम कुठला?

तुझ्या नातवाचे फोटो मिळाले, नाक तुझंच. वरच्या मजल्याचं काम संपलं का? सूनबाईंना आशीर्वाद सांग.

एक काम कर. दादाचा मडगावचा नंबर मला पाठव. सोनूला त्याच्याशी बोलू दे. तिला अडव असं त्याला सांगायचं नाही. त्याने पगार सांगावा, खोली सांगावी, वादळ सांगावं, आणि जमलं तर काका गेले ते वर्षही सांगावं. त्याला बोलवत नसेल तर तू सांग, तुझ्या बाजूचं. तुझं ती ऐकते. आणि काकू ते महिने कसे काढायच्या, सकाळी उठल्यावर पहिलं काय करायच्या, ते मला लिही. मला ते शिकून घ्यायला लागेल असं दिसतंय.

मुलाखत पुढच्या गुरुवारी आहे, त्याच्या आधी.

तुझी,
मंदा