आत्या, तांबेकर वाडा तुझ्या आवाजात हवाय

प्रिय आत्या,
सा. न.

परवा फोनवर म्हणालीस ना की गुडघे तांबेकर वाड्याचा जिना चढू देत नाहीत आणि नजरही अधू झालीय, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून सविस्तर लिहितेय, आतोबा वाचून दाखवतीलच.

इथे अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४२ च्या 'नाइट वॉच' या चित्राचे ८,४३९ फोटो जोडून ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांची, एकच इमेज केली आणि २०२२ मध्ये वेबसाइटवर सगळ्यांना फुकट बघायला ठेवली. झूम करत गेलं की रंगाला पडलेल्या केसाएवढ्या भेगासुद्धा दिसतात. असल्या मोठ्या इमेजचे बारीक तुकडे करून ठेवतात, आपण बघतोय तेवढेच तुकडे लोड होतात, त्यामुळे साधा मोबाइलही पुरतो.

मग आपल्या बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या भिंतींनी काय घोडं मारलंय गं? भाऊ तांबेकर दिवाणांचा वाडा, एकोणिसाव्या शतकातली ती कृष्णाची, महाभारतातली चित्रं, पुरातत्त्व खात्यानं सांभाळलीत हे चांगलंच आहे, पण तुला ती घरबसल्या मिळायला हवीत, आणि नुसते फोटो टाकून ते होणार नाही. अंध माणसाचा फोन चित्राला जोडून जे लिहिलंय तेच मुख्यतः वाचून दाखवतो, तिथे 'भित्तिचित्र' एवढंच लिहिलं असेल तर त्याला काय कळणार! कोण कुठे उभंय, हातात काय, पागोटं कसलं, सगळं लिहायला लागतं. अधू नजरेलाही वाचता यावं म्हणून अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा असा जगभर मानला जाणारा नियम आहे, तरी लोक फिकट राखाडी अक्षरं छान दिसतात म्हणून वापरतात, मला खरंच राग येतो. आणि बडोद्याचं काम म्हणजे मराठी-गुजराती दोन्ही हवंच. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पुढे गावोगाव वाचनालयं काढली, त्या गावात वारसा जिना चढू शकणाऱ्यांपुरता कसा चालेल?

म्हणून एक काम कर. दादा परवानगी काढून फोटो काढेल, आतोबा समोर काय दिसतंय ते सांगतील आणि त्यातली गोष्ट तू सांग, लहानपणी आम्हाला हात धरून सांगायचीस तशीच, व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्ड करून पाठव. पुस्तकी मराठी नको. गुजरातीसाठी शेजारच्या भाभींना विचारशील? पेज मी करते, आणि सगळ्यात आधी तुझ्याच फोनवर चालवून बघू.

तुझी,
मृणाल