सूचना : कार्ड मशीनचे चार्जेस आणि सुरक्षितता

सर्व सभासद दुकानदारांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या दादर कार्यालयात बैठक आहे. येताना स्वाइप मशीनची मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट्स आणि बँकेशी झालेला करार आणावा. रिकाम्या हाताने येऊ नये, नुसत्या गप्पा होतात.

स्टेटमेंटमध्ये काय बघायचं :

• डेबिट कार्डावरच्या एमडीआरला (कार्डाच्या प्रत्येक विक्रीमागे बँक दुकानदाराकडून कापते ते शुल्क) रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर ०.४० टक्के, त्यावर असेल तर ०.९० टक्के. रुपे डेबिटवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य. तरीही कापला असेल तर त्या ओळीवर खूण करून आणा.
• क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, करारात लिहिलं तेच लागतं. म्हणून करार वाचा. "मशीन फुकट" म्हणणाऱ्या माणसाने मासिक भाडं आणि कमी वापराचा दंड मागच्या पानावर बारीक अक्षरात ठेवलेला असतो.
• एमडीआरचा खर्च डेबिट कार्डाच्या गिऱ्हाइकाकडून वेगळा घेऊ नये. "कार्डावर दोन टक्के जास्त" अशी पाटी असेल तर काढावी.

सुरक्षिततेचं : "अपडेट करायचंय" म्हणत कोणी आला तर बँकेला फोन केल्याशिवाय मशीन हातात देऊ नका. मशीनचा सिरीयल नंबर वहीत लिहून ठेवा, अदलाबदल लगेच कळते. पिन गिऱ्हाइकानेच टाकावा. नोकराने विचारायचा नाही. टॅप करून ₹५,००० पर्यंत पिन लागत नाही, तेव्हा रक्कम आधी गिऱ्हाइकाला दाखवा. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, मग आम्हाला कळवा.

— चिटणीस