रसायनमंत्र्यांना खुले पत्र: पेनिसिलीन पुन्हा बंद पडू देऊ नका

माननीय केंद्रीय रसायने व खते मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फर्मेंटेशनचा, म्हणजे बुरशी वाढवून तिच्याकडून औषध बनवून घेण्याच्या कामाचा माणूस. उमेदीची सगळी वर्षे प्रतिजैविकांच्या कारखान्यात, तीन पाळ्यांमध्ये गेली. म्हणून चीनच्या वाढत्या ताकदीचा विषय निघाला की तोफा-विमानांच्या आधी मला पेनिसिलीन आठवते.

जून २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान हुतात्मा झाले. त्यानंतर सीमेकडे सरकारने जे लक्ष दिले ते योग्यच होते. अटल बोगदा त्याच वर्षी खुला झाला, सेला बोगदा २०२४मध्ये. चीनही थांबलेला नाही. २०२५साठी त्याने संरक्षण खर्चात ७.२ टक्के वाढ जाहीर केली आणि त्याच वर्षी ‘फुजियान’ ही तिसरी विमानवाहू नौका नौदलात दाखल केली. पण सीमेवरच्या थंडीत न्यूमोनिया झालेल्या जवानाला आपण जे औषध देणार, त्याचा कच्चा माल कुठला? अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक ६-एपीए या मधल्या रसायनापासून बनते, ६-एपीए बुरशीपासून मिळणाऱ्या पेनिसिलीन जीपासून, आणि त्यासाठी आपण वर्षानुवर्षे चीनच्या तोंडाकडे पाहत आलो. एप्रिल २०२५मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाची किती धावपळ उडाली! गाडी महिनाभर उशिरा मिळाली तरी चालते. तापाने फणफणलेल्या मुलाचे औषध एक दिवसही लांबून चालत नाही.

ही विद्या आपल्याकडे होती. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलीन देशात बनू लागले. पुढे आयात खुली झाली, चिनी माल पडत्या भावाने आला आणि एकेक करत कारखान्यांनी पेनिसिलीन जी सोडून दिले.

असा कारखाना बंद पडतो तेव्हा नेमके काय जाते, ते मला आपल्याला सांगायचे आहे. फर्मेंटरमध्ये, म्हणजे मोठ्या बंद टाकीत, जिवंत बुरशी असते. तिला अखंड निर्जंतुक हवा लागते, साखर मोजून द्यावी लागते. वीज गेली, हवा तुटली की बुरशी गुदमरते. फेस जरा वेगळा दिसला, वासात फरक पडला की जुना ऑपरेटर प्रयोगशाळेच्या अहवालाआधी सांगायचा, ‘साहेब, बॅच गेली.’ कंटॅमिनेशन झालेली, म्हणजे बाहेरचे जंतू शिरलेली बॅच, काही दिवसांची मेहनत, सरळ सांडपाण्यात. हे नाक आणि हे डोळे तयार व्हायला वर्षे लागतात. जास्त उत्पन्न देणारी बुरशीची जातही दशकभर निवडत निवडत घडवावी लागते.

२०२०मध्ये ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली आणि तिच्या बळावर २०२४मध्ये काकीनाड्याजवळ पेनिसिलीन जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. ती बातमी वाचून माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पण फर्मेंटेशनच्या उत्पादनांना मिळणारे २० टक्के प्रोत्साहन आधी १५ आणि २०२८-२९मध्ये ५ टक्क्यांवर येते. मग पुढे? समोरचा चिनी उत्पादक प्रचंड मोठा आहे, मागचे भांडवल कधीच वसूल करून बसला आहे. दोन-तीन वर्षे तोटा सोसून भाव पाडणे त्याला सहज परवडते. आपल्या नव्या कारखान्याला ते परवडणार नाही.

सरसकट आयातबंदी मी मागत नाही. तिने आपल्याच गोळ्या महागतील. मागणे एवढेच: देशी पेनिसिलीन जीपासून बनलेल्या औषधांचा ठरावीक हिस्सा लष्करी आणि सरकारी रुग्णालयांनी किमान दहा वर्षे घ्यावा. त्या हिश्शापुरता ‘एल-वन’चा, म्हणजे सर्वांत कमी दराचा नियम बाजूला ठेवा. दोन पैसे जास्त पडतील, ते संरक्षण खर्चात धरा. बोगदा बांधताना तो किती वर्षांत वसूल होईल, असे कुणी विचारले नव्हते.

आणखी एक. त्या जुन्या प्लांटवर काम केलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. नव्या मुलांना फर्मेंटरपाशी उभे करून शिकवायला त्यांना बोलवा. मी स्वतः यायला तयार आहे, रात्रपाळीलासुद्धा.

आपला नम्र,
एक निवृत्त फर्मेंटेशन केमिस्ट