जुन्या बाजारात सापडलेली वही : सहकारमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नळाचा पितळी कॉक शोधत हिंडत होतो. कॉक काही मिळाला नाही. एका ताडपत्रीवर, बंद पडलेले मिक्सर आणि किल्ल्या हरवलेली कुलपं यांच्यामध्ये, लाल कापडी पाठीची एक जाड वही पडली होती. उघडली तर अक्षर ओळखीचं! मी तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा निवृत्तीला आलेल्या आमच्या हेडक्लार्कांचं. त्या बँकेच्या संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्त होतं ते, १९५८ ते १९६४ सालांचं. विक्रेत्याने दोनशे सांगितले, दीडशेला दिली. "आणखी चार-पाच होत्या काका. फरसाणवाला घेऊन गेला, कागद चांगला होता."

बँकेचं नाव लिहीत नाही. ती आता उरलेली नाही, मोठ्या बँकेत विलीन झाली. कर्मचारी सामावून घेतले, ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहिला, त्याबद्दल तक्रार नाही. जुनं दप्तर मात्र कुठल्याशा गोदामात गेलं आणि तिथून रद्दीत. कायद्याने कुणाचं काही चुकलेलंही नसेल. सहकारी बँकांच्या दप्तराबाबतचे १९८५ चे नियम सांगतात की काही वह्या पाच वर्षं जपायच्या, काही आठ. त्यापुढे काय, याची फिकीर कुणाला नाही.

वहीतला जुलै १९६१ मधला एक ठराव इथे उतरवतो. पानशेत फुटून आठवडा झाला होता. "पुण्यास पुराने हाहाकार झाला असलेने व रविवार पेठेतून माल येणे बंद असलेने किराणा व कापड व्यापारी सभासदांस हप्त्यास दोन महिने मुदत द्यावी असे सर्वानुमते ठरले." पुराने काय उद्ध्वस्त केलं ते शहराच्या अंगाने पुष्कळदा सांगून झालंय. पण त्या आठवड्यात दूरच्या एका बाजारपेठेतली दुकानं कशी तगली, हे सांगणारा कागद दुसरीकडे कुठे मिळणार?

दुसरं एक पान. म्हशीसाठी तीनशे रुपये, जामीनदार एक शिंपी आणि एक प्राथमिक शिक्षक. त्याखाली आणखी एक अर्ज : कर्जाचं कारण "मुलीचे लग्न", ते खोडून वर "शिवणयंत्र". खाडाखोडीवर चेअरमनची आद्याक्षरं. लग्नाला पैसे द्यायला मंडळी नाखूश असत आणि नाही म्हणायलाही जीव होत नसे. शिवणयंत्र आलं का, हे पुढच्या कुठल्याच सभेत कुणी विचारलेलं नाही. कर्ज मात्र फिटलेलं आहे, तेही मुदतीच्या आत.

साहेब, याच पुणे जिल्ह्यात सुप्याला १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जरोखे जाळले. तेव्हा वही म्हणजे गळफासच. लिहिणारा सावकार आणि अंगठा उठवणारा कुणबी. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँक सुरू झाली, १९१२ मध्ये रुपी बँक. मग हळूहळू तालुक्यांच्या गावी धान्याचे आडते, मास्तर, वकील आणि एखादा डॉक्टर यांनी मिळून दहा-दहा रुपयांचे भाग (शेअर) गोळा केले आणि देवळामागच्या एखाद्या खोलीत टेबल मांडलं. कर्ज मागणारा आणि कर्ज मंजूर करणारा एकाच पारावर बसणारे. वही पहिल्यांदा आपली झाली ती तिथे. ती रोज सायंकाळी जुळवल्याशिवाय कुलूप लागत नसे. मी स्वतः पाच रुपयांच्या फरकासाठी रात्री साडेदहापर्यंत बसलोय, आणि फरक सापडला तो पिग्मी एजंटाने तीनाचा आठ वाचल्याचा.

हे सगळं गोडच होतं असं म्हणणार नाही. त्याच वहीत एका संचालकाच्या मेहुण्याचं थकलेलं कर्ज चार सभांमध्ये "पुढील सभेत विचार" म्हणून सरकवलेलं आहे. पुढे अनेक बँका बुडाल्या त्या अशाच मेहुण्यांपायी. शंभरी पार केलेल्या रुपीचा परवानाही २०२२ मध्ये रद्द झाला. जुनी दप्तरं रद्दीत गेली तर हायसं वाटणारी माणसं असतील, हेही मी जाणून आहे. म्हणून तर ती राहायला हवीत.

विनोद असा की कागद जपण्यात पुण्याचा हात कोण धरणार? पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, इथल्या शासकीय पुराभिलेखागारात, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून इथेच. खुद्द रिझर्व्ह बँकेचं पुराभिलेखागार १९८१ पासून पुण्यात. सहकार आयुक्तांचं कार्यालय पुण्यात, सहकाराचं शिक्षण देणारी वैकुंठ मेहता संस्था पुण्यात. आणि सहकारी बँकेचं इतिवृत्त जुन्या बाजारात, मिक्सरशेजारी. १ मार्च १९६६ पासून या बँकांना दोन मालक मिळाले, रिझर्व्ह बँक आणि राज्याचे सहकार निबंधक. कागदांच्या बाबतीत मात्र दोन घरचा पाहुणा उपाशी.

विलीनीकरणाला मंजुरी रिझर्व्ह बँक देते हे मला ठाऊक आहे, तेव्हा तिथे आपण विनंतीपत्रच लिहू शकाल. ते लिहावं. पण राज्यातल्या बँकेचा परवाना गेला की अवसायक, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमतात ते आपले निबंधक. नेमणुकीच्या आदेशात दोन ओळी घालायला कुणाची परवानगी लागत नाही : पन्नास वर्षांपूर्वीची इतिवृत्तं, सभासद नोंदवह्या आणि छापील वार्षिक अहवाल शासनाच्या पुराभिलेखागाराकडे सोपवल्याची पोच घेतल्याशिवाय दप्तर निकाली काढू नये. खातेदारांच्या खतावण्या मी मागत नाही, लोकांची गुपितं त्यांच्यापाशीच राहोत. चालू असलेल्या लहान बँकांनाही एक परिपत्रक जावं. माळ्यावर काय आहे, एवढी यादी तरी त्यांनी करावी. पावसाळ्याआधी झाली तर बरं, कारण निम्म्या माळ्यांवरचे पत्रे गळतात.

माझ्याकडची वही मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली आहे, आत कडुनिंबाचा पाला घालून. घरात आता मी आणि सौ., दोघंच. मुलगा बंगळूरला असतो, त्याला मोडी सोडाच, हेडक्लार्कांचं बाळबोधही लागत नाही. वही घेऊन मी आयुक्त कार्यालयात यायला तयार आहे. आवक विभागात ती कुठल्या नोंदीखाली घेतील, तेवढं आधी कळवावं.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी
पुणे