मुग्धास, सॉकेटचा फोटो पाहून

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

काल तू रागानेच फोन ठेवलास. ‘बेडरूममध्ये कॉल तुटतात, वायफाय की पॉवरलाइन एवढंच सांग’ म्हणत होतीस आणि मी त्या फोटोतल्या सॉकेटवरून बोलत राहिले. आता तुझ्याच प्रश्नाचं लिहिते.

पॉवरलाइन, म्हणजे विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे अडॅप्टर, घेऊ नकोस. खोक्यावरचे १००० एमबीपीएस म्हणजे तारेवरचा कच्चा वेग, लॅपटॉपपर्यंत त्यातला थोडाच पोचतो. तुझा हॉल आणि बेडरूम वेगवेगळ्या एमसीबीवर, म्हणजे आपोआप पडणाऱ्या वेगळ्या स्विचवर आहेत. सिग्नल डीबीपर्यंत, त्या मुख्य पेटीपर्यंत, जाऊन परत येणार. त्याच तारांवर फ्रिज, एलईडी दिवे आणि मोबाइलच्या चार्जरचा गोंगाट. शिवाय पावसाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालेल, राउटर छोट्या यूपीएसवर चालेल, पण हे अडॅप्टर बंद पडणार.

आणि अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावावा लागतो. स्पाइकगार्डमधला फिल्टर नेमका तोच सिग्नल गिळतो. तुझ्या खोलीत भिंतीवर सॉकेट एकच, पलंगामागचं. तेच, तपकिरी डागाचं. तिथे अडॅप्टर लागला की बाकी सगळं एक्स्टेंशनवर जाणार आणि एक्स्टेंशन गादीखाली. मुग्धा, तो डाग धुळीचा नाही. आतला स्क्रू ढिला झाला किंवा पितळी पत्ती सैलावली की तिथे ठिणग्या पडतात आणि प्लास्टिक भाजतं. तुझी केटल १५०० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. ते सॉकेट सहाचं. केटल स्वयंपाकघरातल्या सोळाच्या पॉइंटवरच लाव.

पुन्हा तिकडेच गेले. असो.

काही विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते बघ. बेडरूममध्ये बसून, व्हीपीएन बंद करून, राउटरच्या पत्त्यावर पिंग चालू ठेव, म्हणजे लॅपटॉप राउटरला सारखी हाक मारतो आणि उत्तराला किती वेळ लागला ते दाखवतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. कॉल तुटतो त्या क्षणी तिथे शेकड्यांत मिलिसेकंद किंवा टाइमआउट दिसले तर दोष घरातल्या वायफायचा. आकडे दोन-पाचवर स्थिर असतील तर बाहेरची लाइन बिघडलीय. मग वायफायवर कितीही पैसे घाल, उपयोग नाही. कंपनीकडे तक्रारच कर. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते न तुटता मिळायला हवेत.

दोष वायफायचा निघाला तर राउटर चपलांच्या कपाटावरून हलव. दारापासून तुझ्या खोलीपर्यंत आरसीसीची भिंत आणि बाथरूमच्या टाइल्स आहेत, वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातून धड येत नाही. २.४ येतो, पण सोसायटीत सगळ्यांचा तोच. चॅनेल १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळा घे आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेव. राउटर हलवायला इंटरनेटवाल्याकडून हिरव्या टोकाची लांब पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरची तार, मागून घे. ती बांगडीपेक्षा लहान गोलात वळवू नकोस, आतली काच तुटते.

तरी माझं मत विचारशील तर राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सपाट कॅट ६ केबल. पंधरा मीटर पुरेल. स्कर्टिंगच्या टाइल्सवरून आणि दाराखालून ने. भिंतीच्या रंगावर चिकटपट्टी लावलीस तर सोडताना पोपडे निघतील आणि मालक डिपॉझिटमधून कापतील. तारा तांब्याच्याच बघून घे, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम नको. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर लागेल. जोडल्यावर लिंक स्पीड १००० दिसायला हवा. १०० दिसला तर आतल्या तारांची एखादी जोडी तुटलीय किंवा टोक नीट बसलेलं नाही. कॉलला १०० सुद्धा चालेल, पण तशी केबल बदलून घे.

तू लहान असताना फ्यूज उडाला की टॉर्च धरून बाबांशेजारी स्टुलावर चढायचीस, ‘टेस्टर मी धरणार’ म्हणून भांडायचीस. आता रात्रीच्या बैठकी तू चालवतेस, तिकडची माणसं तुझं ऐकतात; बेबीमावशीला हे मी दोनदा सांगितलं. पण रात्री दोनला तू त्या सॉकेटपाशी उशी टेकून बसलेली असतेस हे मनातून जात नाही. जेवणही अकराला. लेक्चर झालं, रागावू नकोस.

रविवारी दादा ठाण्याहून ट्रान्सहार्बरने घणसोलीला येईल, केबल आणि नवं सॉकेट त्याच्याबरोबर देते. सॉकेट मात्र त्याला बसवू देऊ नकोस, मालकांचा इलेक्ट्रिशियन बोलाव. एमसीबी पाडून, काळी पडलेली तार कापून, नवं टोक सोलून मगच स्क्रू आवळायला सांग. मालकांना आजच फोटो पाठव, आणि तोवर त्या सॉकेटमध्ये काही लावू नकोस. चार्जरसुद्धा नाही.

तुझी
आई