पोस्टर नव्हे, नियमावली पाहून कॉन निवडा

महोदय,

पावसाळा सरला की कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्सप्रेमींचे मोठे मेळावे, जपानी ॲनिमेशनचे म्हणजे ॲनिमे मेळावे आणि आवडत्या पात्राचा हुबेहूब पोशाख करण्याच्या, म्हणजे कॉस्प्ले स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. अशा मेळाव्यांना थोडक्यात ‘कॉन’ म्हणतात. गोव्यातली कॉलेजची मुले त्यासाठी मुंबई, पुणे, बंगळुरू गाठतात. अधूनमधून गोव्यातही एखाद्या दिवसाचा छोटा कार्यक्रम होतो. महिनोन्महिने खपून मुले फोमची चिलखते, विग, तलवारी तयार करतात आणि कुठे जायचे हे मात्र इन्स्टाग्रामवरचे पोस्टर पाहून ठरवतात. तिथेच पैसा आणि मेहनत दोन्ही वाया जातात. पोस्टरवर पाहुण्यांचे फोटो असतात. पोशाख बदलायला खोली आहे का, चार फुटी तलवार दारातून आत सोडतील का, स्पर्धेचे गुण कशाला आहेत, हे पोस्टर सांगत नाही. ते नियमावलीत असते. ज्या कॉनची नियमावली तारखेच्या दोन महिने आधी वाचायला मिळत नाही, त्या कॉनसाठी गोव्याबाहेर पाऊल टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोन महिने म्हणण्याला कारण आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. आयोजकांनी तारीख आणि जागा त्याआधी पक्की केली नसेल, तर गोव्याच्या माणसाला वेटिंग लिस्ट किंवा ऐन वेळचे महागडे विमान एवढेच पर्याय उरतात. मुंबईची कॉमिक कॉन डिसेंबरमध्येही झाली आहे आणि एप्रिलमध्येही. जागाही कधी गोरेगावचे प्रदर्शन केंद्र, कधी वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी). दोन्ही महिन्यांत एक गोष्ट सारखीच असते. नाताळापूर्वी पर्यटक आणि एप्रिल-मेमध्ये सुट्टीवर निघालेले चाकरमानी मुंबईहून आपल्या दिशेने येतात. म्हणून जाताना गाडीत जागा मिळते आणि अडचण येते ती परतताना. आरक्षण उघडेल त्या सकाळी परतीचे तिकीट आधी काढावे, जाण्याचे नंतर. कोकणकन्या संध्याकाळी मडगावहून सुटून पहाटे मुंबईत पोचते, तेव्हा शनिवारचा एक दिवस करून यायचे असेल तर तीच सोयीची. गोरेगाव असो वा बीकेसी, दादरला उतरावे.

बंगळुरूचे गणित वेगळे. तिथली कॉमिक कॉन व्हाइटफील्डच्या केटीपीओ प्रदर्शन संकुलात झालेली आहे आणि वास्कोची गाडी जाते यशवंतपूरला. म्हणजे उतरल्यावर सगळे शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला जायचे. शहराच्या मध्यावरच्या मॅजेस्टिकहून मेट्रोची पर्पल लाइन थेट व्हाइटफील्डपर्यंत जाते, पण खांद्यावर चिलखताची बॅग असताना सकाळच्या गर्दीत तो प्रवास सोपा नाही. बंगळुरूला जायचे तर आदल्या रात्री तिथे पोचून व्हाइटफील्डलाच मुक्काम करावा आणि तो खर्च आधीच हिशेबात धरावा. तो परवडत नसेल तर बंगळुरू त्या वर्षी सोडून द्यावे.

आता नियमावलीत काय पाहायचे. पहिले कलम प्रॉप्सचे, म्हणजे हातातल्या शस्त्रांचे. धातूचे पाते, काच, खरोखर काही उडवणारी बंदूक यांना बहुतेक सगळीकडे बंदी असते, ते वाचायलाही नको. खरा घोळ होतो तो आतल्या दांडीवरून. फोमची तलवार सरळ राहावी म्हणून मुले तिच्यात लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची सळई घालतात. दारावरचा सुरक्षारक्षक पाते वाकवून पाहतो, मेटल डिटेक्टर वाजतो आणि सहा आठवड्यांचे काम बाहेरच्या टेबलावर जमा होते. सळईऐवजी अर्धा इंची पीव्हीसी पाइप वापरला तर हा प्रश्नच उरत नाही. पाइप मधोमध कापावा, जोडावर कपलर बसवावा, कपलरची एक बाजू सोल्युशनने पक्की करावी आणि दुसरी मोकळी ठेवावी. मोकळी बाजू सैल वाटली तर पाइपला टेपचे दोन वेढे द्यावेत. तलवार दोन तुकड्यांत बॅगेत मावते आणि दाराशी मिनिटभरात जुळते. चांगल्या कॉनच्या नियमात लांबीची मर्यादा आकड्यात दिलेली असते. ‘सुरक्षा कर्मचाऱ्यांचा निर्णय अंतिम’ एवढेच एक वाक्य असेल, तर मोठा प्रॉप घरी ठेवूनच जावे.

लांबीचा आकडा प्रवासासाठीही लागतो. रेल्वेच्या नियमात ट्रंक किंवा सुटकेसचे बाहेरचे माप १०० × ६० × २५ सेंमीपर्यंत चालते, वातानुकूलित थ्री टियरमध्ये ते याहून बरेच कमी आहे. म्हणून कुठलाही एक तुकडा ९० सेंमीच्या पुढे जाऊ देऊ नये, थ्री टियरने जायचे तर त्याहूनही बराच लहान ठेवावा. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान खाली आणि ७ किलो हातात मिळते; खेळण्यातले शस्त्रदेखील केबिनमध्ये नेता येत नाही, ते खालच्या सामानातच द्यावे लागते. पॉवर बँकचे उलटे आहे, ती हातातच ठेवायची. स्प्रे पेंट आणि फोम जोडायचे कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह ज्वलनशील असल्याने विमानात चालत नाहीत आणि रेल्वेच्या डब्यातही नेऊ नयेत. दुरुस्तीच्या पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, दुहेरी टेप, ग्लू गन आणि तिच्या कांड्या पुरतात.

दुसरे कलम पोशाख बदलण्याच्या जागेचे. टोकियोत १९७५ पासून भरणाऱ्या कॉमिकेट या कॉमिक्सच्या मेळाव्यात कॉस्प्ले करून घरून यायला आणि तसेच परत जायलाच मनाई आहे; पोशाख तिथल्या खोल्यांमध्येच बदलायचा. मग त्या खोल्यांची व्यवस्था आयोजकांना करावीच लागते. आपल्याकडे हे कलम अनेकदा नसतेच. स्वच्छतागृहात, ओल्या फरशीवर उभे राहून बॉडी पेंट लावता येत नाही आणि मुलींची तर फार कुचंबणा होते. खोली आहे का, मुलामुलींसाठी वेगळी आहे का, आरसा आणि प्लग पॉइंट आहे का, बॅग ठेवायला पावती मिळते का, असे चार प्रश्न ईमेलने विचारावेत. उत्तर आठवड्यात आले नाही तर तेच उत्तर समजावे.

तिसरे कलम स्पर्धेचे. ज्यांना बक्षीस मिळवायचे आहे त्यांनी पत्रातला हा भाग दोनदा वाचावा. कॉस्प्ले स्पर्धा सगळ्या एका जातीच्या नसतात. काही कारागिरीला गुण देतात; तिथे मंचावर जाण्याआधी परीक्षक जवळून शिवण, सांधे, रंगकाम तपासतात आणि दोन-तीन मिनिटांत तुम्ही ते कसे केले हे सांगायचे असते. काही स्पर्धा अभिनयाच्या असतात. तिथे आवाजाची फाइल आधी पाठवावी लागते आणि वेळेची मर्यादा असते. तिसरा प्रकार लाइक्सवर निकाल लावणारा. त्याच्यासाठी गोव्याहून जाण्यात काहीच अर्थ नाही, कारण ज्याचे मित्र त्या शहरात जास्त त्याला मते जास्त. कारागिरीच्या स्पर्धेत पोशाखाचा किती भाग स्वतः केलेला असावा हे लिहिलेले हवे. ते नसेल तर ऑनलाइन मागवलेला तयार पोशाख आणि हाताने घडवलेला पोशाख एकाच रांगेत उभे राहतात. परीक्षकांना दाखवायला मूळ पात्राचे चित्र समोरून, मागून आणि बाजूने, कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि साहित्याची यादी छापून न्यावी. फोनची बॅटरी ऐन वेळी दगा देते. नोंदणी ऑनलाइन आहे की सकाळी रांगेत, हेही पाहावे. रांगेत असेल तर रात्रभर प्रवास करून आलेल्याची अर्धी सकाळ तिथेच जाते आणि चिलखत घालायला मदतनीस आत येऊ देणार का हा प्रश्न वेगळाच.

हंगामाचाही विचार हवा. पावसाळ्यात गोव्यातल्या दमट हवेत कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह फसवते. दोन्ही कडांना लावून, हाताला चिकटेनासे होईपर्यंत साधारण १० ते १५ मिनिटे थांबून मग जोडायचे असते. पण द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि त्या पातळ ओलाव्यामुळे जोड वरून पक्का दिसला तरी खांद्या-गुडघ्याच्या वळणावर नंतर उघडतो. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरची कॉन असेल तर शिवलेला पोशाख निवडावा आणि चिलखत नोव्हेंबरनंतरच्या कॉनसाठी ठेवावे. कापणी, साचे, शिवण पावसात. चिकटवणे आणि रंग ऑक्टोबर उघडल्यावर. तेव्हा वाड्यावाड्यांवर दिवाळीच्या नरकासुरांच्या पुतळ्यांची कामे चालू असतात. बांबूचा सांगाडा हलका ठेवून वजन कुठे तोलायचे हे ती मुले जाणतात, पाठीवरचे मोठे पंख करणाऱ्यांनी त्यांच्याजवळ जाऊन जरूर पाहावे. एप्रिलची कॉन असेल तर हॉल वातानुकूलित आहे की मैदानातला मांडव, हे विचारावे. चिलखतासाठी वापरतात त्या ईव्हीए फोममधून घाम बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात संपूर्ण चिलखत दोन तासांहून जास्त अंगावर ठेवू नये. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचे मुखवटे करणाऱ्यांनी ते उन्हात बंद गाडीत ठेवू नयेत. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मुखवटा वाकडा होतो.

ज्यांना स्पर्धेत रस नाही, चित्रकारांची कामे पाहायची आणि विकत घ्यायची आहेत, त्यांचा निकष सोपा आहे. कॉमिक कॉन इंडियाची सुरुवात २०११ साली दिल्ली हाटमध्ये झाली तेव्हापासून भारतीय कॉमिक चित्रकार आपली पुस्तके आणि प्रिंट स्वतः विकायला बसतात, आणि आमच्या मते मोठ्या कॉनला जाण्याचे तेच सर्वांत भक्कम कारण आहे. चित्रकारांच्या टेबलांची यादी आणि नकाशा आधी जाहीर झाला असेल तर जावे. हॉलमध्ये नेटवर्क कोलमडते, यूपीआय अडकते. थोडी रोकड न्यावी. प्रिंट वाकू नयेत म्हणून जाड पुठ्ठ्याची नळी न्यावी. पाहुण्यांच्या नावावर विसंबू नये. पाहुण्याने स्वतःच्या खात्यावर येणार असल्याचे लिहिले आहे का तेवढे पाहावे, आणि सही व फोटोचे पैसे वेगळे आहेत का तेही.

पहिल्यांदाच भरणाऱ्या कॉनला दुरून जाऊ नये. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळ डॅशकॉन नावाची कॉन भरली. अपेक्षेपेक्षा फारच कमी लोक आले. हॉटेलला तातडीने १७,००० डॉलर द्यायचे आहेत असे सांगून आयोजकांनी जमलेल्या प्रेक्षकांकडूनच पैसे गोळा केले. एक मुख्य कार्यक्रम रद्द झाल्यावर त्याच्या राखीव जागांचे पैसे भरलेल्यांना भरपाई म्हणून प्लास्टिकच्या चेंडूंच्या छोट्या हौदात जादा तासभर खेळायची मुभा देऊ केली. त्या मंडळींना मोठ्या आयोजनाचा अनुभव नव्हता. तिकीट काढण्याआधी पैसे परत मिळण्याची अट वाचावी, आणि मागच्या वर्षीचे व्हिडिओ पाहायचेच तर आयोजकांचे नव्हे, प्रेक्षकांनी काढलेले, न कापलेले पाहावेत. त्यांत गर्दी, रांगा आणि रिकामे स्टॉल खरे दिसतात.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट सर्वांत आधी. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये प्रवेशदारापाशी मोठे फलक लावून बजावले की कॉस्प्ले केला म्हणजे हात लावायची किंवा हवे तसे फोटो काढायची परवानगी दिली असे होत नाही. ज्या कॉनच्या नियमात फोटोआधी विचारण्याचे बंधन, तक्रार कुठल्या टेबलावर करायची आणि त्यावर काय कारवाई होणार हे लिहिलेले नाही, तिथे मुलांना एकटे पाठवू नये.

शेवटी गोव्यातल्या आयोजकांना विनंती. मॉलचे मोकळे दालन किंवा हॉटेलचे लॉन दिसायला छान, पण तिथे रंगपट नसतो. मडगाव, कुडचडे, साखळी, वास्को येथील रवींद्र भवने आणि फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर ही नाटकांसाठी बांधलेली आहेत. तिथे रंगमंच, ध्वनी, प्रकाश, प्रेक्षागृह आणि रंगपट तयार आहेत. जत्रेतल्या नाटकांना रंगभूषा करणारे, कपडेपट सांभाळणारे कलाकार आपल्या गावोगावी आहेत; त्यांतल्या एकाला परीक्षक म्हणून बोलवावे, म्हणजे दाढी चिकटवलेली कशी आणि किरीट तोललेला कसा हे पारखणारी नजर मिळेल. भवन आरक्षित झाले त्याच दिवशी तारीख, प्रॉप्सचे नियम आणि गुणांची वाटणी मराठी, कोकणी आणि इंग्रजीत जाहीर करावी. मग काणकोणच्या आणि पेडण्याच्या मुलांनाही परतीची शेवटची बस पाहून यायचे की नाही हे ठरवता येईल. स्पर्धेचा निकाल त्या बसच्या आधी लावावा.

आपले,
कॉस्प्ले करणारे आणि त्यांचे कपडे शिवणारे काही वाचक, फोंडा